दहा कपांची परीक्षा

अक्षर त्याचंच होतं. कागदावर काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच त्याला ते कळलं, कारण ओळीच्या शेवटाकडे अक्षरं खाली घसरत न्यायची त्याची खोड शाळेपासूनची, आणि ती मोडण्यासाठी खाल्लेल्या छड्या अजून हाताच्या लक्षात होत्या. कंपनीच्या वकिलांनी तो कागद टेबलावरून त्याच्यापुढे सरकवला आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते त्याला ऐकू आलं नाही. ते त्याच्या डाव्या हाताला बसले होते, आणि डावी बाजू म्हणजे गेली चार वर्षं बंद पडलेलं दुकान. उजव्या कानात यंत्र होतं खरं, पण या खोलीत ते यंत्र माणसांपेक्षा छताच्या पंख्याचंच जास्त मनावर घ्यायचं. भांडण बहिरेपणाचं आणि त्याची सुनावणीच नीट ऐकू येत नाही, याचं पहिल्या तारखेला त्याला हसू आलं होतं. ही चौथी तारीख होती आणि हसायचाही आता कंटाळा आला होता. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. ‘बिल्ला क्रमांक दोनशे सतरा यांची आवाजाची परीक्षा घेतली. दहा कपांपैकी सहा चुकले. तपासणीच्या कामास अयोग्य.’ खाली त्याची सही, आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख. मूळ कागद निळ्या शाईचा होता हे त्याला आठवलं. ही प्रत काळी होती.

समोर बसलेले, निवाडा देणारे अधिकारी निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. बोलताना ते मिशीतल्या मिशीत बोलत, त्यामुळे त्यांचे ओठ वाचायचीही सोय नव्हती. ते बरंच काही बोलले. मग वकीलबाईंनी, म्हणजे त्याच्या बाजूच्या वकिलांनी, त्या त्याच्या मुलीपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, त्याच्या उजव्या कानाशी झुकून ते सगळं पुन्हा सांगितलं. कंपनीचं म्हणणं असं, की तुम्हाला ज्या परीक्षेत नापास झाल्यामुळे काढलं ती परीक्षा कंपनीने तुमच्यासाठी मुद्दाम काढलेली नाही. ती तुम्हीच सुरू केली. तुम्हीच घेतली. तिच्यावर एक माणूस तुम्हीच घरी पाठवला. मग आता ती अन्यायाची कशी झाली? साहेब म्हणतात, पुढच्या तारखेला दोन गोष्टींचं उत्तर द्या. सही तुमची का, आणि ती परीक्षा तेव्हा योग्य होती की नाही. त्याने मान हलवली. मान हलवणं ही त्याची अलीकडची सवय. ऐकू आलं तरी हलवायची, न आलं तरी हलवायची, लोक दोन्हीवर खूश असतात.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी त्याला भिंतीशी उभं केलं, उजव्या बाजूला आल्या आणि आपला चेहरा उजेडात धरला. ही त्यांची रीत त्याला आवडायची. पहिल्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी ओरडून बोलणं टाळलं होतं. "हे मला आधी सांगायला हवं होतंत तुम्ही, मास्तर," त्या म्हणाल्या. कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणायचे आणि तेच नाव त्याच्यामागून इथवर आलं होतं. "विसरलो होतो," तो म्हणाला. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं. "बरं, आता नीट ऐका. परीक्षा बरोबर होती म्हणालात, तर आपण इथेच संपलो. म्हणून चुकीची होती असंच म्हणायचं. मग ते विचारणार, तर का घेतलीत? तुम्ही सांगायचं, तेव्हा कळलं नाही. स्वतःवर आल्यावर कळलं. एवढंच. हे खरंही वाटतं आणि माणसाला शोभतंही. साहेब परत कामावर घ्यायला सांगतील, तुमचा तपासणीचा बाकसुद्धा भट्टीपासून लांब हलवायला लावतील. मला पुष्कळ आशा आहे." तो म्हणाला, "आणि तेव्हाच कळलं होतं असं म्हटलं तर?" हे त्याने उगीच विचारलं, रस्ता विचारताना माणूस जायचं नसलेल्या गल्लीचीही चौकशी करतो तसं. वकीलबाई फाइल पिशवीत घालता घालता थांबल्या. "तर मग तुम्ही जाणूनबुजून खोटा दाखला दिलात असं होईल. त्यासाठी कंपनी तुम्हाला सरळ काढू शकते. कानाचा प्रश्नच उरत नाही मग. तसं काही नाही ना?" तो नाही म्हणाला. पुढची तारीख आठ दिवसांनी होती.

घरी तो चालत निघाला. एका कानाने ऐकणाऱ्याला शहर एका अंगाने चालतं. उजवीकडे गाड्या, हाका, दुकानाची शटरं. डावीकडे सगळं कापूस भरल्यासारखं आणि त्या कापसात एक बारीक शिट्टी, दिवसभर, न थांबणारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भट्टीच्या पंख्याशेजारी एकोणतीस वर्षं बसल्यावर वेगळं काय होणार. त्याच्या बाकामागे चार हातांवर भट्टीचा मोठा पंखा होता. कप-बश्यांचा कारखाना. भट्टीतून निघालेला माल गार झाला की ट्रेमधून तपासणीच्या बाकावर यायचा आणि एकेक कप उचलून, लाकडी काडीने कडेवर हलकेच ठोकून, तो चांगला की तडा गेलेला ते ठरवायचं. चांगला कप खणखणीत वाजतो. तडा गेलेला बद्द वाजतो, मग तो तडा डोळ्याला दिसो न दिसो. दिवसाला चौदाशे कप. नवीन माणसाला पहिल्या महिन्यात रात्री झोपेतही ठोकल्याचे आवाज येतात, आणि मग एक दिवस ते थांबतात, कारण तोवर कान कामाला लागलेला असतो. असं तो नव्या पोरांना सांगायचा. तेव्हा त्याची अशी खात्री होती की हे काम कानाचं आहे. पण डावा कान गेला, उजवा पातळ झाला, तरी चार वर्षं त्याच्या ट्रेमधून फुटका माल बाहेर गेला नाही. तक्रार एक नाही. कुणाला कळलंही नसतं. काडी लागली की कप डाव्या हाताच्या बोटांत थरथरतो, चांगला असेल तर ती थरथर गोल फिरून येते, तडा असेल तर मध्येच अडते. बोटांना ते कळायचं. कान गेल्यावर त्याला कळलं की कान कदाचित नुसताच श्रेय घेत आला होता.

मग सहा महिन्यांपूर्वी आगीच्या तालमीचा भोंगा वाजला, सगळा कारखाना उठून अंगणात गेला आणि तो एकटा बाकावर कप ठोकत बसला. झालं. भोंग्याच्या जागी दिवा लावला असता तरी भागलं असतं. पण कंपनीला दिव्यापेक्षा माणूस बदलणं सोपं वाटलं. दुसऱ्याच दिवशी तपासणी खात्याची नवी साहेबीण आली, चुणचुणीत, वागायला गोड. "मास्तर, आपली नेहमीची परीक्षा घ्यावी लागेल, नियम आहे," ती म्हणाली. त्याला तोंड भिंतीकडे करून बसवलं. ती मागे उभी राहून एकेक कप ठोकत गेली आणि विचारत गेली, खणखणीत की बद्द? पंखा चालू होता. त्याला पंखाच ऐकू येत होता. मांडीवर दोन्ही हात उताणे पडले होते, रिकामे, आणि त्या हातांना इतकं ओशाळं वाटत होतं की त्याने ते मुठीत मिटून घेतले. चौथ्या कपानंतर तो म्हणाला, "बाई, कप माझ्या हातात द्या ना." ती त्याच्या उजव्या कानाशी आली, खरंच अवघडली. म्हणाली, "नियम तुम्हीच घालून दिलाय ना मास्तर. मी कसा मोडू?" पाच चुकले. आठ दिवसांत पत्र आलं. आपणच खणलेला खड्डा इतका बरोबर मापाचा असावा याचं त्याला तेव्हाही आश्चर्य वाटलं नाही. मात्र पत्र वाचताना, कप हातात द्या ना, हे वाक्य आपण कुठेतरी आधी ऐकलंय असं वाटून गेलं, आणि त्याने पत्राची घडी घातली.

बायको दारातच उभी होती. त्याचा चेहरा बघून तिने आधी पाणी दिलं, मग उजव्या बाजूच्या खुर्चीत बसली. ही खुर्ची तिने तीन वर्षांपूर्वी भिंतीकडून उचलून इथे आणली होती, काही न बोलता. सुरुवातीला ती चिडायची. घरात बोलायला जावं तर भाषेत जिकडेतिकडे कान. कानावर घातलं होतं ना मी तुमच्या? कानाडोळा करता तुम्ही. या कानाने ऐकता आणि त्या कानाने सोडता. आणि मग एक दिवस असंच काहीसं बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं आणि ती एकदम रडायला लागली, आणि त्याला ऐकू न आल्यामुळे तो वर्तमानपत्र वाचत राहिला. ते तिने नंतर सांगितलं तेव्हा दोघं खूप हसले होते. आज त्याने सगळं सांगितलं. कागद, परीक्षा, वकीलबाईंचं उत्तर. "मग सांगून टाका तसं," ती म्हणाली. "तेव्हा कळलं नाही. खरंच आहे ते. कोणाला कळतं स्वतःवर आल्याशिवाय?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "त्या काकांना जाऊन भेटायचं का एकदा? ते टिचकीकाकाच ना? आपल्या लग्नाला आले होते." तो म्हणाला, "कशाला?" "तेही सांगतील की तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं म्हणून. साक्षच झाली." मग साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "मला तुम्ही घरात बसलेले बघवत नाही हो. दिवसभर एकेक वस्तू उचलून बघता आणि खाली ठेवता." हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं.

टिचकीकाका. बाकावरचे सगळ्यांत जुने. ते काडी वापरत नसत, मधल्या बोटाच्या नखाने कपाला टिचकी मारत, म्हणून हे नाव. त्यांनीच त्याला काम शिकवलं होतं. शिकवायचे म्हणजे काय, शेजारी बसवायचे आणि पहिले चार दिवस काही करू द्यायचे नाहीत. "नुसता कप धरायला शीक आधी," म्हणायचे. "लग्नातल्या नवरीचा हात धरतात तसा. घट्ट धरलास की ती बोलायची नाही." तो लाजायचा आणि बाक हसायचा. पुढे त्यांचे कान गेले. उघडच गेले, लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हाक मारली तर बघायचे नाहीत, आणि कोणी खांद्याला हात लावला की न दचकता हसून वळायचे. बाकाच्या मुख्याची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती. नियमाने ती त्यांची, आणि त्यांच्यानंतर त्याची. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. बहिरा माणूस बाकावर मुख्य कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा, ते म्हणाले. काहीतरी रीतसर पाहिजे. एखादी परीक्षा वगैरे. तुम्हाला कामातलं कळतं, तुम्हीच ठरवा. तो ठरवायला तयार झाला. तेव्हा मुलगी कॉलेजात जाणार होती, घर दोन खोल्यांचं होतं, असं नेहमी तो स्वतःला सांगत आला होता, आणि ते खोटं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी टिचकीकाका भिंतीकडे तोंड करून शहाण्या मुलासारखे बसले, आणि खांद्याला हात लागला की अंदाजाने उत्तर देत गेले. सहावा कप झाल्यावर मान न वळवता म्हणाले, "मास्तर, कप माझ्या हातात द्या ना." पहिल्यांदाच त्यांनी त्याला मास्तर म्हटलं. एरवी अरेतुरे. तो म्हणाला, "नियम आहे काका." ते त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. ते वाट बघत राहिले आणि त्याने सातवा कप ठोकला. या जागी त्याची आठवण नेहमी येऊन थांबायची. त्याच्या आधीच्या संध्याकाळपर्यंत ती जात नसे. तिथे एक दार होतं आणि तो ते उघडत नसे, इतकंच.

तारखेच्या दोन दिवस आधी तो गेला. बायकोने पत्ता काढून दिला होता. टिचकीकाका मुलीकडे राहत. मुलीचं कपडे बेतून, लहान-मोठे करून द्यायचं दुकान होतं, पुढे शिलाईयंत्र आणि मागे राहायची खोली. मुलीने त्याला लगेच ओळखलं. ओळखलं आणि हसली नाही. "या," म्हणाली, "बाबा मागे आहेत. समोर जाऊन उभे राहा, नाहीतर दचकतील." टिचकीकाका खिडकीशी बसून एका कोटाची शिवण उसवत होते, पातं न वापरता, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत. म्हातारे झाले होते, सत्तरी ओलांडलेली, पण हात तेच. वर बघितलं. क्षणभर चेहऱ्यावर काही नव्हतं आणि मग सगळा चेहरा उघडला. "मास्तर आले गं," ते मुलीला म्हणाले, मोठ्याने, ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही त्या माणसासारखं. "बसा. चहा टाक गं." त्याने सावकाश, ओठ उघडून सांगितलं, की मलाही काढलं. कान गेले. टिचकीकाकांनी दोनदा बघितलं, मग समजलं, आणि ते हसायला लागले, वाईटपणाने नव्हे, दोन माणसं एकाच पावसात सापडल्यावर हसतात तसं. "आता दोघं सारखे," ते म्हणाले. "भांडायची सोय नाही आता. कोण कोणाचं ऐकणार?"

मग त्याने आपलं काम काढलं. भांडण चालू आहे, तो कागद निघालाय. तुमची परीक्षा. मला विचारतायत ती बरोबर होती का. त्याला वाटलं होतं ते रागावतील, किंवा उदार होऊन जाऊ द्या म्हणतील. दोन्हींसाठी तो तयार होता. टिचकीकाकांनी कोट बाजूला ठेवला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरोबरच होती की," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंत म्हणजे बरोबरच असणार. मला आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. वाटायचं, हाताला कळतंय आपल्या. पण मग विचार केला, तुम्हाला मी शिकवलेलं. तुम्ही उगीच कशाला लिहाल? म्हणजे आपल्यालाच भ्रम झाला होता. कानाबरोबर हातही गेले असणार आणि आपल्याला पत्ता नाही. म्हातारपणी होतं असं. बरं झालं तुम्ही वेळेवर थांबवलंत. किती माल फुटका गेला असेल माझ्या हातून, देव जाणे." मुलगी दाराशी उभी होती, ती म्हणाली, "दोन वर्षं कशाला हात लावायचे नाहीत. माझं पोर झालं तेव्हा घ्या म्हटलं तर नको म्हणाले, माझ्या हातांचा भरवसा नाही. पडलं तर?" हे ती त्याच्याकडे न बघता, चहाच्या कपांकडे बघत म्हणाली. वडिलांना ते ऐकू गेलं नाही. ते त्याच्याकडे आपुलकीने बघत बसले होते.

चहा आला. मुलीने ट्रे पुढे केला, टिचकीकाकांनी पाहुण्यासाठी एक कप उचलला, त्याच्याकडे द्यायला हात पुढे केला आणि हात मध्येच थांबला. त्यांनी कप परत ट्रेमध्ये ठेवला, दुसरा उचलला आणि तो दिला. "तो नको, तडा आहे त्याला," मुलीला म्हणाले, "फेकून दे नंतर," आणि पुढे बोलायला लागले, बाकावर आता कोण कोण आहे, तो तोतरा अजून आहे का, छप्पर गळायचं ते नीट केलं का. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं आपण काय केलं ते. भरलेला, गरम, अकरा वर्षांनी, ठोकलासुद्धा नव्हता. मुलीने तो कप उचलला, उजेडात धरला, बोटाने आतून-बाहेरून चाचपला आणि खांदे उडवले. तिला काही दिसलं नाही. तिने तो तरीही बाजूला ठेवला. त्याच्या हातातला कप चांगला होता. त्यातला चहा त्याने कसा संपवला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही.

परतीच्या वाटेवर ते दार आपोआप उघडलं. त्यासाठी त्याला काही करावं लागलं नाही आणि अडवण्याइतकं बळही अंगात राहिलं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर तो बाकावर एकटा थांबला होता. परीक्षा कशी घ्यायची ते ठरवायचं होतं. त्याने दोन्ही कानांत कापूस भरला, वरून मेणाचे बोळे दाबले, मालातून पाच फुटके आणि पाच चांगले कप काढले, डोळे मिटून ते सरमिसळ केले आणि हातात घेऊन एकेक ठोकला. दहापैकी नऊ बरोबर आले. त्याने पुन्हा केलं. पुन्हा नऊ. म्हणजे टिचकीकाका पास होणार होते, कदाचित दहाच्या दहा. तो बराच वेळ तसाच बसला होता, कानांत कापूस, पंखा बंद, आणि त्याला आठवलं की त्या शांततेत त्याला मुळीच वाईट वाटलं नव्हतं, उलट एखादं अवघड गणित सुटल्यासारखं मोकळं वाटलं होतं. मग त्याने कागद घेऊन निळ्या शाईने लिहिलं: कप परीक्षकाने ठोकावा. उमेदवाराने भिंतीकडे तोंड करून बसावं. कपाला हात लावू नये. आणि परीक्षा पाळी चालू असताना, म्हणजे पंखा चालू असताना, घ्यावी. यातलं एकेक वाक्य वरून किती साधं आणि रीतसर दिसतं. चालता चालता तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. आपण थकलोय असं त्याला वाटलं, पण हा थकवा चालण्याचा नव्हता. इतकी वर्षं दार लावून धरायला केवढी ताकद लागत होती, ते हात सोडल्यावर कळत होतं. एक बाई जाता जाता थांबली आणि काहीतरी म्हणाली, बहुतेक बरं आहे ना असं. त्याने मान हलवली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला काही सांगितलं नाही. मनात हिशेब नीट मांडायचा त्याने प्रयत्न केला. टिचकीकाका आता कामावर परत जाणार नाहीत. खरं सांगून त्यांचं काय भलं होणार? झालं तर दुखणंच, की ज्याला हाताने शिकवलं त्याने असं केलं. उलट आपण जिंकलो तर ही परीक्षा रद्द होईल, पुढच्या माणसाला कप हातात मिळेल. म्हणजे तेव्हा कळलं नाही म्हणण्यातच सगळ्यांचं भलं आहे. हे सगळं बरोबर होतं. एकही कच्चा दुवा सापडेना. फक्त, भिंतीकडे तोंड करून बसवण्याचा नियमही असाच बिनचूक होता, हे त्याला मधूनच आठवायचं. आणि ते पोर. घ्या म्हटलं तर नको म्हणाले. तारखेच्या सकाळी बायको सदऱ्याला इस्त्री करत होती, त्याच्याकडे वळून, ओठ दिसतील असं म्हणाली, "एकच वाक्य आहे. घाबरू नका. पाठ आहे ना?" तो म्हणाला, "आहे." ती म्हणाली, "परत कामाला जायला लागलात की मी ही खुर्ची जरा खिडकीकडे सरकवीन. इथे पायात येते." त्याला तिच्याबद्दल इतकी माया वाटली की बटणं लावताना बोटं चुकली.

खोलीत त्या दिवशी पंखा बंद होता, वकीलबाईंनी विनंती करून करवला होता. बायको मागच्या बाकावर बसली होती. अधिकाऱ्यांनी सही दाखवली, तो हो म्हणाला. परीक्षा योग्य होती का? "नाही," तो म्हणाला, "चुकीची होती. काम हात आणि कान दोन्हींचं आहे. परीक्षा नुसत्या कानाची होती." वकीलबाई किंचित पुढे झुकल्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. कंपनीचे वकील उठून त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले, हेही वकीलबाईंनीच मागून घेतलं होतं, आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "आणि हे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, असंच म्हणणार ना तुम्ही?" ते प्रश्न विचारत नव्हते, कंटाळले होते. उत्तर त्यांनी आधीच कागदावर टिपून ठेवलेलं दिसत होतं. हो म्हणायचं होतं. मान हलवली तरी चाललं असतं. साऱ्या जगाशी तो तेवढ्यावर भागवत आला होता. त्याने मागे बघितलं. बायकोचे ओठ हलत होते. ती त्याच्याबरोबर ते वाक्य म्हणत होती, मुलाच्या स्नेहसंमेलनात आई म्हणते तसं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

वकीलबाईंनी त्याच्या बाहीला हात लावला. तो हात त्याला कळला, पण तो थांबला नाही. आदल्या संध्याकाळी कापूस घालून स्वतः करून बघितलं होतं, त्याने सांगितलं. दोनदा. दोन्ही वेळा नऊ बरोबर आले. म्हणून नियम तसा केला. काकांनी कप हातात मागितला, तरी दिला नाही. बोलताना त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता, तो किती मोठा की लहान त्याचा अंदाज नव्हता. कंपनीच्या वकिलांनी पेन उघडलं. त्यांचा चेहरा आता जागा झाला होता, आणि आपण काय हातात दिलंय त्यांच्या, हे त्याला पुरतं कळत होतं. टंकलेखक मुलगी हात थांबवून बघत होती. अधिकारी मिशीवरून हात फिरवत काहीतरी म्हणाले. त्याला कळलं नाही. तो वकीलबाईंकडे वळला. त्यांनी फाइल मिटली होती, तरी सवयीने त्याच्या उजव्या कानाशी झुकल्या. "साहेब म्हणतायत, शेवटचं नीट ऐकू आलं नाही. त्या माणसाने कप मागितला होता, मग हातात का दिला नाही? जरा मोठ्याने सांगा, लिहून घ्यायचंय."

त्याने सांगितलं. "दिला असता तर ते पास झाले असते."